ओल्यातला कागद

५ जानेवारी, रविवार

अनंतरावांनी आज मला एक जाड रजिस्टर दिलं. पुढून सोसायटीचं लिहायचं. मागून मी माझं लिहितो आहे. मागची पानं कोणी उघडणार नाही असं वाटतं. उघडली तर काय होईल, हाच विचार जेवताना मनात होता. भाजी कशाची होती तेही आठवत नाही.

सकाळी गच्चीवर सभा झाली. तीन दिवसांपासून कचरागाडीवाला मोहित आमच्या बारा घरांचा कचरा उचलत नाही. "गीला-सूखा अलग करके दो बाबूजी, तभी उठाऊंगा," म्हणतो आणि गाडी पुढे काढतो. आधी गोदाबाई खाली पार्किंगमध्ये बसून हाताने निवडायच्या. वास येतो म्हणून गेल्या दिवाळीला ते बंद करायला लावलं. तेव्हापासून सगळं एकत्रच जात होतं.

अनंतराव आमचे सेक्रेटरी. हेडमास्तर होते, अजूनही बोलताना हातात छडी असल्यासारखं बोट हलवतात. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत मुदत. एकतीस तारखेला बाराही घरांचा कचरा वेगवेगळा निघाला पाहिजे. एक घर जरी चुकलं तरी काम एजन्सीला द्यायचं. त्यांची दोन माणसं येतात आणि सगळं घेऊन जातात, आपल्याला बघायला नको. मग गोदाबाईंचं काम संपलं.

गोदाबाई खकनारकडच्या एका खेड्यातल्या. इमारत उभी राहिली तेव्हापासून त्या जिना झाडतात, दारोदार जाऊन कचरा घेतात. सुक्यातलं जे विकलं जातं ते त्यांचं. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. सभेला त्यांना बोलावलं नव्हतं. त्या खाली पायरीवर बसून होत्या आणि वर काय चाललं आहे ते त्यांना माहीत होतं.

लक्ष कोण ठेवणार, असा प्रश्न आला. ३०१ मधल्या रंभाबाई म्हणाल्या, "लीलाधरबाबा दिवसभर खालीच तर बसतात." सगळे हसले. मी सांगितलं की मी सहावीतून सुटलेला माणूस आहे, जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं कापूस निवडून घेतला, डागी वेगळा, चांगला वेगळा, एवढंच मला येतं. अनंतराव म्हणाले, "म्हणजे तुम्हाला अनुभव आहे." आणि हे रजिस्टर माझ्या हातात ठेवलं.

छातीत धडधडतंय. गॅस असेल.

७ जानेवारी, मंगळवार

गोदाबाई आज दोन पोती घेऊन वर गेल्या. पाच घरांनी वेगळा दिला. कोणी न सांगता एवढं होईल असं वाटलं नव्हतं. सांगितलं असेल तर त्यांनीच सांगितलं असेल. पण त्यांना एकेका दारात फार वेळ लागतो. २०१ च्या दारात तर लोणच्याबद्दल बोलत होत्या. मी खालून ऐकलं. अशाने महिना निघून जाईल.

उतरताना त्यांचा पाय एकदा लटपटला. आमच्याकडे लिफ्ट नाही. पडल्या असत्या म्हणजे? गुडघे दोन्ही गेलेले. रात्रभर मला तेच दिसत राहील.

९ जानेवारी, गुरुवार

मी अनंतरावांना सुचवलं आणि त्यांनी लगेच मानलं. पार्किंगच्या कोपऱ्यात दोन मोठे डबे ठेवले, हिरवा ओल्याचा आणि निळा सुक्याचा. आता ज्याने त्याने स्वतः खाली आणून टाकायचं. गोदाबाईंनी चढायचं नाही.

त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्या डब्यांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, मंग मी कोनाशी बोलू?"

मी म्हटलं, बोलायचं कशाला, गुडघे वाचतील. त्यांनी मान हलवली. होकाराची होती की नाही ते समजलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

दोन्ही डब्यांत सगळं सारखंच. हिरव्यात दुधाच्या पिशव्या आणि चपलेचा तळ, निळ्यात वरणभात. मंगळवारी ज्या पाच घरांनी वेगळा दिला होता त्यांचासुद्धा एकत्र. मी पाटी लावली. पाटीचं अक्षर वाकडं आलं म्हणून दुसरी लावली. रंग ओळखत नसतील असं वाटून हिरव्यावर केळं काढलं. खालून जाणारी मुलं विचारत होती की हे काय आहे.

माणसं तीच, कचरा तोच. मग बिघडलं काय?

१२ जानेवारी, रविवार

आज मोठं काम केलं.

रविवारी सगळे घरी असतात. मुलं पार्किंगमध्ये खेळतात, बायका स्वेटर घालून उन्हाला खाली येतात. मी ठरवलं, प्रत्यक्ष करून दाखवायचं. दुसऱ्याच्या पिशवीला हात लावला तर भांडण होईल, म्हणून आमच्याच घरची पिशवी घेतली. कोणी पक्षपात म्हणायला नको. वर्तमानपत्र अंथरून ती त्यावर ओतली आणि एकेक वस्तू उचलून विचारलं, "हे ओलं का सुकं?" मुलं ओरडून उत्तर देत होती. मटारची टरफलं ओली. गोळ्यांचं पाकीट सुकं. मग टरफलांच्या खाली एक कागद निघाला, चार तुकडे केलेला. भिजून पार मऊ झाला होता. मी म्हटलं, बघा, हीच चूक होते, कागद सुका, आणि टाकला ओल्यात.

तुकडे जुळवून दाखवले. चष्मा होता म्हणून वाचूनही दाखवलं. कुठल्या तरी शाळेचं पत्र होतं. "हमें खेद है कि इस बार आपका चयन नहीं हो सका." वर नाव तृप्तीचंच होतं, त्यामुळे पिशवी आमच्याच घरची आहे हेही सिद्ध झालं. आता कोणाला बोलायला जागा नाही.

तृप्ती, म्हणजे माझी सून, त्याच वेळी जिन्यात उभी होती. नातीला, भूमिकाला, जेवायला बोलवायला आली असावी. न बोलवताच वर गेली.

रंभाबाई म्हणाल्या, "बाबा, पुरे आता."

का पुरे ते कळलं नाही. अजून अर्धी पिशवी बाकी होती. पण उन्हात बसलेल्या बायका एकेक करून उठल्या. मला वाटतं, पटलं असावं.

संध्याकाळी माझा मुलगा ललित आणि तृप्ती खोलीत बोलत होते. भिंत पातळ आहे. ललित म्हणत होता, "मला एका शब्दाने सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "सांगून काय झालं असतं?" ओल्यासुक्यावरून तो तिला बोलत असणार. मला वाईट वाटलं. एवढ्याशा कागदासाठी बायकोला बोलू नये.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली. तृप्तीने तिळगूळ ताटात ठेवला, हातात दिला नाही. कामाची घाई असेल.

डबे अर्धे रिकामे असतात आता. सुधारणा झाली असं वाटलं होतं, पण मागच्या गल्लीत भिंतीशी पिशव्यांचा ढीग दिसला. त्या आमच्याच इमारतीतल्या आहेत, २०२ च्या दुकानाचं नाव दोन पिशव्यांवर होतं. खाली डबा असताना एवढ्या लांब जाऊन कोण टाकेल? आणि ज्या पिशव्या डब्यात येतात त्यांना गाठी अशा घट्ट मारलेल्या की गोदाबाईंना दात लावावा लागतो. काळ्या पिशव्या, त्यातून काही दिसत नाही. एका पिशवीत दुसरी, तिच्यात तिसरी.

थंडीने बोटं आखडतात म्हणून गाठ जास्त आवळली जात असेल का? पण मग सैल राहायला हवी.

गोदाबाईंनी विचारलं, "भाऊ, रविवारी तुमी काय केलं?"

"पिशवी उघडून दाखवली."

"अन् तुमची कोनी उघडली तं?"

"माझ्यात काय असतं? औषधाची पाकिटं."

"तेच," त्या म्हणाल्या आणि झाडू लागल्या.

तेच म्हणजे काय? गोळ्या तर मी रक्तदाबाच्या घेतो. एक झोपेचीही घेतो, पण ते ललितलाही माहीत नाही, तिचं पाकीट मी खिशात घालून लांब टाकतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

मला एक युक्ती सुचली आहे. उषाबाई, म्हणजे अनंतरावांच्या पत्नी, रविवारी हळदीकुंकू करणार आहेत. दर वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीतर चाळण्या देतात. मी अनंतरावांना म्हटलं, या वर्षी दोन छोटे डबे द्या, हिरवा आणि निळा. फुकटचा डबा घरात आला की माणूस त्यात टाकणारच. अनंतराव बोट हलवून म्हणाले, "लीलाधरराव, शिकला असता तर कुठल्या कुठे गेला असता."

हे ऐकून बरं वाटलं. ललितला सांगितलं. तो मोबाईलमध्ये बघत "हं" म्हणाला. तृप्ती भांडी घासत होती, तिला ऐकू गेलं नसावं.

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू थाटात झालं. बायका हिरवे-निळे डबे घेऊन जिना चढताना मी मोजत होतो. दहा. तृप्ती गेली नाही, डोकं दुखत होतं. उषाबाईंनी आमचा जोड वर पाठवला. तिने तो माळ्यावर ठेवला.

गोदाबाई गेटपाशी होत्या. त्यांना वाण नव्हतं. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तसंही त्यांना कोण बोलावतं? उषाबाईंनी डिशमध्ये चिवडा आणि लाडू दिला. त्यांनी तो फडक्यात बांधून घेतला.

२२ जानेवारी, बुधवार

तीन दिवस वाट पाहून आज घरोघर बघायला गेलो.

१०२ मध्ये हिरव्या डब्यात कांदे आहेत आणि निळ्यात लसूण. १०४ मध्ये गहू. ३०३ मध्ये मोबाईलच्या वायरी. रंभाबाईंकडे दोन्ही डबे देवघराच्या खाली, एकात वाती, एकात कापूर.

मी म्हटलं, "अहो, हे कचऱ्याचे आहेत."

"सवाष्णीच्या हातचं वाण आहे बाबा. त्यात सालं टाकू? उद्या काही झालं तर तुम्ही येणार निस्तरायला?"

शेवटी उषाबाईंकडे गेलो. वाटलं, निदान यांच्याकडे तरी. हिरव्यात शेवया, निळ्यात पापड. त्या म्हणाल्या, "आणले तेव्हा कचऱ्याचेच होते हो. पण हळदीकुंकवाचं बोट लागलं ना वर."

आत अनंतराव वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. त्यांनी ते खाली घेतलंच नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

मोहितने आज हिरवा डबा उघडला, बघितला आणि बंद केला. "बाबूजी, आपके यहां तो दिन-ब-दिन उल्टा हो रहा है." निळा उघडलाच नाही.

दुपारी एजन्सीची दोन माणसं येऊन गेली. पार्किंगचा कोपरा फीत लावून मोजला, फोटो काढले. गोदाबाई जिना पुसत होत्या. त्यांनी विचारलं, गाडी इथंच लावणार का. त्यातला एक म्हणाला, "हो मावशी, एक तारखेपासून." चांगल्या शब्दात म्हणाला. त्यांनी फडकं पिळलं आणि पुढची पायरी पुसली.

मला वाटतं हे माझ्यामुळे झालं. नाही, माझ्यामुळे कसं होईल? मी तर पाटी लावली, डबे आणवले, समजावलं, वाणाची युक्ती काढली. जेवढं करतो तेवढं बिघडतं. जीनमध्ये असं कधी होत नसे. कापूस आपणहून मागं जात नसे.

जेवलो नाही. तृप्तीने ताट ठेवलं, तासाने उचललं. पूर्वी विचारायची, मीठ बरोबर आहे का. हल्ली विचारत नाही. आमच्या घरची पिशवी रोज सगळ्यात घट्ट गाठीची असते, हेही इथे लिहून ठेवतो. पुढच्या पानांवर लिहिलेलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी खाली आलो तर दोन्ही डबे जागेवर नाहीत. गोदाबाईंनी धुऊन भिंतीशी उपडे घातले होते. दोन पोती खांद्यावर टाकून त्या जिन्याकडे निघाल्या होत्या.

"काय करता?"

"वर जातो."

"गुडघे?"

"गुडघे माह्ये हायेत, भाऊ. चार दिवसानं काम नसन तवा आरामच करतीन ते."

त्या पडतील या भीतीने मी मागोमाग गेलो. सुक्याचं पोतं मी घेतलं. अकरा वाजले होते.

जे पाहिलं ते लिहून ठेवतो, कारण मला त्याचा अर्थ लागत नाही.

१०१ च्या दारात त्यांनी कचरा मागितलाच नाही. विचारलं, "पोराचा खोकला कसा हाये?" ती बाई दहा मिनिटं खोकल्यावर बोलली. आलं, मध, डॉक्टर, सगळं. मग आत गेली आणि दोन पिशव्या घेऊन आली. दोन. एकीत सालं, एकीत कागद आणि बाटल्या. गोदाबाईंनी पिशवीत पाहिलंसुद्धा नाही, तशीच पोत्यात टाकली. मी बघायला वाकलो तर त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं.

रंभाबाईंच्या दारात मला बघून रंभाबाई म्हणाल्या, "आज झडती घ्यायला दोघं आले का?"

गोदाबाई म्हणाल्या, "झडती नाई, हमाल आनला. बिनपगारी हाये, म्हून मुका हाये."

रंभाबाई हसल्या. मला राग यायला हवा होता, आला नाही. त्या म्हणाल्या, "गोदाबाई, खरंच काढणार का हो तुम्हाला?"

"काढतीन तं काढतीन. तुमच्या सुनेचं बाळंतपन कधी हाये? तवर तरी राह्यलं पायजे."

दोन पिशव्या मिळाल्या. म्हणजे रंभाबाईंनाही ओलं कुठलं आणि सुकं कुठलं हे माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मग केळं काढलेलं कोणासाठी?

आज आठ घरं झाली. आमच्या दारात तृप्ती आली. एकच पिशवी, गाठ मारलेली. मी होतो म्हणून असेल, गोदाबाई काही बोलायच्या आत दार लागलं.

२९ जानेवारी, बुधवार

अकरा घरं. राहिलं एकच, २०३.

अनंतरावांनी पुढच्या पानांवर सुधारणेची कारणं लिहायला सांगितली आहेत. दुसऱ्या इमारतीवाल्यांनी विचारलं तर दाखवता येतील. मी लिहिलं, "वेळ बदलली. सकाळी सातऐवजी अकरा." मग आठवलं की डबे तर दिवसभर ठेवलेले होते. खोडलं. "पोत्याचा रंग" असं लिहिलं. पोती तर जुनीच आहेत. तेही खोडलं.

२०३ म्हणजे आमचं घर. माझ्या घरामुळे गोदाबाईंचं काम जाणार. लोक काय म्हणतील हे डोक्यात येतं आणि मग लाज वाटते, की काम त्यांचं जाणार आणि मी विचार लोकांचा करतो.

३० जानेवारी, गुरुवार

ललितला बाजूला घेऊन म्हटलं, तू तृप्तीला सांग ना.

"बाबा, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"तिने दोन वर्षं अभ्यास केला, भूमिका झोपल्यावर. पेपर दिला, इंटरव्ह्यू दिला. मला सांगितलं नव्हतं, झालं तरच सांगणार होती. आणि ते मला कळलं कुठे, तर पार्किंगमध्ये. रोहितने सांगितलं, २०२ वाल्याने."

मी म्हटलं, पण मी तर कागद सुक्यात टाकावा एवढंच म्हणत होतो.

"हो. एवढंच म्हणत होता तुम्ही. आता काहीच बोलू नका."

तो ऑफिसला गेला. मी पार्किंगमध्ये बसलो. बायका येत-जात होत्या. त्या दिवशी त्या एकेक करून का उठल्या, ते थोडंसं समजल्यासारखं वाटलं आणि पुन्हा निसटलं. दुसऱ्याच्या पिशवीला हात लावायचा नाही, एवढी काळजी मी घेतली होती. सुनेची पिशवी दुसऱ्याची असते का?

३१ जानेवारी, शुक्रवार

सावकाश लिहितो.

अकरा घरं झाली. आमच्या दारापुढे गोदाबाईंनी पोतं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आज तुमी बोला. घर तुमचं हाये."

"काय बोलू? माझ्याशी ती बोलत नाही."

"तुमी तिच्याशी बोलता का?"

मी आठवून पाहिलं. चहा झाला का, पेपर कुठे आहे, भूमिका आली का. हे बोलणं धरायचं की नाही ते मला कळेना.

"कचऱ्याचं एक अक्षर काढू नका," गोदाबाई म्हणाल्या. "दुसरं कायबी इचारा."

बेल वाजवली. स्वतःच्या दाराची बेल मी कधी वाजवत नाही, दार लोटून आत जातो. तृप्तीने दार उघडलं. ओले हात पदराला पुसत होती. मला बघून तिने लगेच मागे हात केला, तिथे कोपऱ्यात पिशवी तयारच होती, गाठ मारलेली.

तिच्याबद्दल मला ठाऊक काय होतं? सात वर्षं ती माझ्या घरात आहे, आणि मला ठाऊक होतं ते त्या कागदावर वाचलेलं तेवढंच. म्हणून तेच विचारलं.

"त्या शाळेत तू काय शिकवणार होतीस?"

ती थांबली. पिशवी हातातच. वाटलं, आता दार लावेल. मागे गोदाबाई जिन्याचा कठडा पुसू लागल्या. तो सकाळीच पुसून झाला होता.

"विज्ञान," ती म्हणाली.

"सहावीला पण?"

"सहावी ते आठवी."

"मी सहावीतच सुटलो. मला लोहचुंबक तेवढं आठवतं. मास्तर टेबलाखालून फिरवायचे आणि वर टाचणी चालायची. आम्हाला वाटायचं, मास्तरांना मंत्र येतो."

ती हसली नाही. पण पिशवी तिने खाली ठेवली.

मला अजून काही तरी म्हणायचं होतं. त्या रविवारचं. मी म्हटलं, "मी ते मोठ्याने वाचायला नको होतं."

"थांबा," म्हणून ती पिशवी घेऊन आत गेली. बराच वेळ लागला. आतून प्लास्टिकचा आवाज येत होता, मग नळाचा. गोदाबाईंनी कठडा दुसऱ्यांदा पुसला. खाली मोहितच्या गाडीचा आवाज यायला लागला, पण मी हाक मारली नाही.

ती दोन पिशव्या घेऊन आली. माझ्यापुढे धरल्या. गाठी नव्हत्या, तोंडं उघडी होती.

"बघायचं असेल तर बघा, बाबा."

मी म्हटलं, "नको."

मोहितने खाली सगळं पाहिलं. पोत्यात हात घालून ढवळलं. "आज तो कमाल हो गया," म्हणाला आणि गाडीत टाकलं.

२ फेब्रुवारी, रविवार

काल सभेसाठी पुढची पानं लिहायला बसलो. "सुधारणेची कारणे, पाच मुद्दे," असं अनंतरावांनी वर आखूनच दिलं आहे. माझ्याच्याने एकही होईना. तृप्ती भूमिकाचा गृहपाठ घेत होती. म्हणाली, "द्या इकडे, तुम्ही सांगा, मी लिहिते." पेन उघडून बसली. म्हणाली, "बोला, मुद्दा पहिला."

मी फार विचार केला. डबे, पाटी, वेळ, रंग, वाण. काहीच खरं वाटेना. तिच्याकडे बघितलं. वाटलं, हिला माहीत असेल, हिनेच तर शेवटची पिशवी दिली. विचारलं. ती पेनाच्या टोपणाशी खेळत म्हणाली, "मला तरी काय माहीत, बाबा? त्या दिवशी द्यावीशी वाटली."

मग मी सांगितलं तसं तिने लिहिलं. दोनच ओळी झाल्या. पाचपैकी तीन मुद्द्यांची जागा कोरी राहिली.

आज गच्चीवर अनंतरावांनी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांपुढे वाचलं.

"१. कारण समजले नाही. २. गोदाबाईंना ठेवावे."

त्यांनी पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का. "लीलाधरराव, याला रिपोर्ट म्हणत नाहीत."

रंभाबाई म्हणाल्या, "मग काय म्हणतात? सही कुठे करायची ते सांगा."

बारा सह्या झाल्या. आमच्या घरची तृप्तीने केली, ललित बाजूला उभा होता. गोदाबाईंना या वेळी वर बोलावलं होतं. उषाबाईंनी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत, टाकीला टेकून उभ्या राहिल्या. एजन्सीला नाही म्हणून कळवायचं ठरलं. फक्त म्हातारी माणसं जिन्यात पडली तर जबाबदारी सोसायटीची नाही, असं अनंतरावांनी खाली लिहून घेतलं. म्हातारी माणसं असं अनेकवचनात लिहिलं आहे. मीही त्यात धरलेलो आहे का, हे विचारायचं राहून गेलं.

उतरताना गोदाबाई म्हणाल्या, "उद्या अकराले."

मी म्हटलं, "हो."

रजिस्टर उद्या अनंतराव परत मागतील. ही मागची पानं फाडून घ्यावी लागतील. फाडली तर ती टाकायची कुठे, हे आता सुचत नाहीये.